टी. टी. नगरात एक कोरी भिंत ठेवा

भोपाळच्या टी. टी. नगरातले जुने सरकारी क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती बांधल्या जात आहेत. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतल्या पहिल्या वीस शहरांची नावं जाहीर झाली, त्यांत भोपाळ होतं. आधी त्यासाठी शिवाजी नगरचा भाग ठरला होता. तिथली जुनी झाडं जाणार म्हटल्यावर लोकांनी विरोध केला आणि योजना टी. टी. नगरात आली. ३४२ एकर जागा आहे ही. काही कामं झाली, काही चालू आहेत, आणि जे झालं ते बघायला मी अधूनमधून जाते. रस्ते रुंद आहेत, दिवे चांगले आहेत, सायकलींसाठी वेगळी वाट आखली आहे. मला जे मागायचं आहे ते या सगळ्यापुढे फार लहान आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. राहत्या इमारतींच्या मध्ये कुठेतरी वीस पावलं लांब आणि दहा पावलं रुंद अशी उघडी जमीन सोडा. तिच्यावर फरशी नको, शोभेचं गवत नको, कारंजं तर नकोच. एका टोकाला खिडकी नसलेली एक भिंत असू द्या. पुढचं तिथे राहणारी माणसं बघून घेतील.

महाराष्ट्रातल्या वाचकांना थोडं मागचं सांगायला हवं. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत फाशी गेलेल्या सेनापतीचं नाव या वसाहतीला दिलेलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ राजधानी झालं. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या सचिवालयातले कित्येक कारकून, टंकलेखक, हेडक्लार्क ट्रंका बांधून बायकामुलांसह इकडे आले. माझे बाबा त्यांतले. ग्वाल्हेर-इंदूरकडचे आले, रीवा-सतन्याचे आले, जबलपूरचे आले. या सगळ्यांच्या राहण्यासाठी तलावाच्या दक्षिणेला, न्यू मार्केटच्या आसपास, क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहिल्या. एफ टाइप, जी टाइप, एच टाइप अशी त्यांची प्रतवारी. कोण कुठल्या टाइपात राहतो यावरून त्याचा पगार न विचारता कळायचा. अंगण मात्र आमच्या रांगेत सगळ्यांना सारखं होतं.

चार क्वार्टरांच्या मागची अंगणं मधलं मेंदीचं कुंपण काढून कुणीतरी एक करून टाकली होती, माझ्या जन्माच्याही आधी. एका कडेला पेरूचं झाड. नळ आणि त्याखाली कपडे धुवायचा दगड. आमचं तुळशीवृंदावन. या झाडापासून त्या खांबापर्यंत कपड्यांची दोरी. आणि पलीकडच्या टोकाला दुसऱ्या रांगेची मागची भिंत, चुना दिलेली, वर एक छोटा झरोका सोडला तर पूर्ण कोरी. तिच्यावर कोळशाने तीन रेघा ओढल्या की स्टंप तयार. संध्याकाळी बाबा आणि शेजारचे काका सायकली लावून चहा घ्यायचे आणि त्या रेघांसमोर डाव सुरू व्हायचा.

बॅट म्हणून बरीच वर्षं कपडे धोपटायची मोगरीच होती. चेंडू न्यू मार्केटमधून आणलेला, प्लास्टिकचा, पोकळ, बहुतेक वेळा लाल. तो चेंबला की आई त्याला कढत पाण्यात बुडवायची आणि तो टप्प आवाज करून पुन्हा गोल व्हायचा. चिरला की मेला. या चेंडूचं मोल मला फार उशिरा उमगलं. तो हलका असतो, त्यामुळे कितीही जोरात मारला तरी थोडा जाऊन हवेतच दमतो. काच फुटत नाही. पोटावर बसला तरी लागत नाही. कॉलेजात क्रिकेट खेळणारा माझा दादा आणि संधिवाताची माझी आजी यांना एकाच डावात खेळवणारा हाच चेंडू होता. लेदर बॉल हातात आला असता तर आजी, आई, आत्या आणि आम्ही मुली लगेच ओट्यावर बसून बघणाऱ्या झालो असतो.

नियम कुणी लिहिले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. मातीत आकडे लिहून त्यांवर मोगरी आडवी धरायची, बाहेर आलेल्या टोकांपैकी एकेकाने एक धरायचं, आणि ज्याला जो आकडा येईल त्या क्रमाने बॅटिंग. कुंपणापलीकडे थेट मारला तर आउट, आणि चेंडू मारणाऱ्यानेच आणायचा. एक टप्पा पडून एका हाताने झेलला तरी आउट. पेरूच्या पानांत अडकून खाली आलेला झेल धरला तर आउट, यावर रोज भांडण. तुळशीला लागला तर तो चेंडू मोजायचा नाही, ज्याचा लागला त्याने नमस्कार करायचा. तो नमस्कार समोरच्या क्वार्टरमधला माझा मुसलमान मित्रही आमच्याइतकाच मन लावून करायचा, आणि त्याच्या अम्मीने कधी त्याबद्दल काही म्हटल्याचं मला आठवत नाही. वाळत घातलेलं कापड ज्याच्या फटक्याने मळेल त्याने ते धुवायचं, हा वहिनीने लग्न होऊन आल्याच्या पहिल्या उन्हाळ्यात घातलेला नियम. तो लगेच मान्य झाला, कारण ती बोलिंग उत्तम टाकायची. तिला दुखवून चालणार नव्हतं. पाच वर्षांखालचं पोर कच्चा लिंबू, त्याला दोनदा आउट व्हायची मुभा. आजीला बोलिंग अंडरआर्म, तीही जवळून. ती स्टुलावर बसून मारायची आणि तिच्या वतीने धावायला एक नातवंड ठेवलेलं असायचं. नऊवारीत तिला धावायची काही अडचण नव्हती, गुडघे तेवढे साथ देत नसत.

अशा खेळाची बाजू घ्यायची म्हटलं की लोक ताबडतोब मोठ्या खेळाडूंची नावं घेतात. ती माझ्याकडेही आहेत. सुनील गावसकरांनी ‘सनी डेज’ या १९७६ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की लहानपणी त्यांना घरातच टेनिसच्या चेंडूने बोलिंग टाकायची ती त्यांची आई, मीनल गावसकर. आणि एकदा त्यांनी मारलेला चेंडू सरळ तिच्या नाकावर बसून रक्त आलं होतं. सचिन तेंडुलकरला वांद्र्याच्या साहित्य सहवासात टेनिस बॉलवर खेळताना त्याच्या भावाने, अजितने, पाहिलं आणि शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे नेलं. आमच्या राज्यातली छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची क्रांती गौड मुलांच्यात टेनिस बॉल खेळत वाढली आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. तो सामना मी घरी बसून शेवटपर्यंत पाहिला आणि रडले.

तरी अंगणाची वकिली या नावांवर करू नये असं मला ठाम वाटतं. खेळाडू तयार होतात म्हणून अंगण हवं असं म्हटलं, की त्यापेक्षा चांगली अकादमी दाखवता येते आणि अंगण हरतं. टी. टी. नगरात तर ते जवळच आहे: तात्या टोपे स्टेडियम, राज्याच्या क्रीडा अकादम्या. ऑलिंपिकमध्ये खेळलेली मुलं भोपाळमध्ये घडली आहेत, इटारसीजवळून आलेला विवेक सागर प्रसाद त्यांतला एक. मला त्याचा अभिमान आहे. पण स्टेडियमच्या फाटकातून आत जायला काहीतरी यावं लागतं. अंगणात ज्यांना काहीही येत नाही त्यांचीही बॅटिंग असते. माझ्या आत्याला आयुष्यात एकही चौका मारता आला नाही, आणि ती मॅट्रिक झाल्यापासून पुढे आजी होईपर्यंत आमच्याकडे आली की खेळायची. अंगण आत्यासारख्यांसाठी हवं आहे.

मुलींसाठी तर अंगणाला पर्यायच नव्हता. वयात आल्यावर मैदानावर जाणं बंद झालं. कुणी रागावून बंद केलं असं नाही, फक्त एक दिवस पाठवेनासे झाले. त्या काळात पुण्यात, मुंबईत, दिल्लीत मुली क्रिकेट खेळत होत्या. १९७३ मध्ये महिलांची भारतीय क्रिकेट संघटना स्थापन झाली होती, १९७८ मध्ये महिलांची विश्वचषक स्पर्धा भारतातच झाली. आमच्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही. आमच्यासाठी मैदान म्हणजे ते चार क्वार्टरांचं मागचं अंगण. तिथे ओढणी कमरेला खोचून पळता येत होतं, ओरडता येत होतं, मोठ्या भावाला आउट करून त्याच्यासमोर नाचता येत होतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून एक डोळा दुधावर ठेवून फिल्डिंग करायची. आजकाल बायकांनी स्वतःसाठी वेळ काढावा म्हणून मासिकांतून सल्ले छापून येतात. आईला वेळ काढावा लागला नाही. खेळ दारात होता. दोन पावलं पुढे आलं की ती खेळात असायची आणि दूध वर आलं की बाहेर.

भोपाळ खरं तर हॉकीचं शहर. औबेदुल्ला खां कप ही आमच्याकडची नावाजलेली स्पर्धा. १९७५ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल करणारा अस्लम शेर खान इथलाच. जसदेव सिंहांची कॉमेंटरी रेडिओवर ऐकून आमच्या रांगेतली मुलं पेरूच्या वाकड्या फांद्या तोडून अंगणात हॉकी खेळायला लागली. ते फार दिवस टिकलं नाही. लाकडाने नडग्या फुटत होत्या, आजी बाहेर पडेनाशी झाली, लहानांना ओट्यावर बसवून ठेवावं लागलं. मग आपोआपच मोगरी आणि प्लास्टिकचा चेंडू परत आले. ज्यात अर्धं घर बाद होतं तो खेळ अंगणाला मानवत नाही, हे मला तेव्हा दिसलं.

आणि नंतर एकदा फार स्पष्ट दिसलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची वायुगळतीची रात्र महाराष्ट्रातल्याही सगळ्यांना माहीत आहे. जुन्या भोपाळातले लोक कारखान्याच्या बाजूकडून पळत तलावाच्या अलीकडे, नव्या भोपाळकडे आले. पुढच्या काही दिवसांत आमच्या शेजारच्या चाचींकडे त्यांच्या माहेरची माणसं येऊन राहिली. कारखान्यात उरलेला वायू संपवण्याचं काम १६ डिसेंबरला सुरू झालं. त्याआधीच भीतीने हजारो लोक पुन्हा शहर सोडून गेले. चाचींचे पाहुणेही गेले आणि नंतर परत आले. त्यांच्यात दहाएक वर्षांचा एक मुलगा होता. जानेवारीच्या उन्हात तो ओट्यावर बसायचा. डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता, तरी बसायचा, कारण घरात मोठी माणसं सारखी हळू आवाजात बोलत होती. दहा पावलं चालला की छाती भरून यायची.

मी तेव्हा बी. एड. करत होते आणि अंगणातल्या लहान मुलांची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. एका दुपारी त्याने विचारलं, मैं भी खेलूं? धावणं त्याला शक्य नव्हतं, आणि आपल्या वतीने कुणी धावावं हे त्याला मान्य नव्हतं. ते आजीसाठी असतं, म्हणाला. मग मुलांनीच बसून ठरवलं की आजपासून कुणीच धावायचं नाही. चेंडू नळापर्यंत गेला तर एक, पेरूपर्यंत दोन, मेंदीच्या कुंपणाला लागला तर चार. चेंडू उन्हाकडून येऊ नये म्हणून खेळायची दिशा उलटी केली, त्यामुळे स्टंप भिंतीवरून खांबावर गेले. बोलिंग जवळून आणि हळू. चांगला सव्वासहा फूट उंच दादासुद्धा एका जागी उभा राहून खेळला. तो मुलगा उन्हाळ्यापर्यंत तिथे होता आणि रोज खेळला. नंतर ते कुटुंब दुसरीकडे गेलं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. धावायचं नाही हा नियम मात्र तसाच राहिला, कारण तोपर्यंत आजी, आत्या, चाची आणि चाचींची गरोदर सून अशा सगळ्या रोजच्या खेळणाऱ्या झाल्या होत्या.

हे मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी न्यू जर्सीला भाच्याकडे गेले, तेव्हा एका रविवारी त्यांच्या घरामागच्या गवतावर दहाबारा मराठी, गुजराती आणि अमेरिकी शेजारी जमले. श्रीखंड-पुरी झाली आणि भाच्याच्या मुलीने पिवळी, लांबुडकी, प्लास्टिकची बॅट आणि भोकाभोकांचा पांढरा चेंडू आणला. विफल बॉल म्हणतात त्याला. मी नियम विचारले. ती म्हणाली, आजी, यात धावायचं नसतं. चेंडू या कुंडीपर्यंत गेला तर एक, त्या झाडापर्यंत दोन, कुंपणापर्यंत तीन, कुंपणापलीकडे गेला तर होम रन. मला क्षणभर बोलता येईना. तिथून मी त्या चेंडूची माहिती काढली, कारण मला कळायला हवं होतं की हा नियम त्यांच्याकडे कुणासाठी झाला.

१९५३ ची गोष्ट. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात फेअरफील्ड नावाच्या गावी डेव्हिड मुलानी नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा मित्राबरोबर घरामागच्या छोट्या जागेत झाडूचा दांडा आणि प्लास्टिकचा गोल्फचा चेंडू घेऊन बेसबॉल खेळायचा. मोठ्या मैदानावर पुरतील एवढी मुलं नव्हती आणि साध्या चेंडूने काचा फुटत. तो हलका चेंडू हवेत वळवायला मनगट पिळावं लागे आणि रात्री मुलाचा हात दुखे. वडील स्वतः एके काळी चेंडू टाकणारे खेळाडू होते. कोवळ्या हाताला हे बरं नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी अत्तराच्या वेष्टनासाठी बनवलेले प्लास्टिकचे गोल मिळवले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांना निरनिराळ्या आकाराची भोकं पाडून पाहिली. शेवटी जो जमला त्याच्या एका अर्ध्या भागात आठ लांबट भोकं होती आणि दुसरा अर्धा अखंड. दोन बाजूंनी हवा वेगळी वाहते, त्यामुळे चेंडू मनगट न पिळताही वळतो. कंपनी अजून त्याच कुटुंबाकडे आहे आणि २०१७ मध्ये या चेंडूला अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी संग्रहालयात मानाचं स्थान मिळालं.

एका मुलाचा हात दुखत होता म्हणून चेंडू बदलला. आमच्याकडे एका मुलाची छाती भरत होती म्हणून नियम बदलला. मैदानावरचा खेळ माणसाला आपल्या मापाचं व्हायला सांगतो आणि त्यात काही गैर नाही, उत्तम खेळ तसाच होतो. घरामागचा खेळ मात्र जो कोणी त्या दिवशी हजर आहे त्याच्या मापाने शिवला जातो. हे काम समोरासमोर, रोज, त्याच त्याच माणसांत आणि फुकट होत असेल तरच होतं. म्हणून त्याला जागा घराला लागूनच लागते.

आता भोपाळमध्ये ठिकठिकाणी जाळ्या लावलेली टर्फ झाली आहेत. हिरवं कृत्रिम गवत, रात्री झगझगीत दिवे, तासावर भाडं. तरुण मुलं ऑफिस सुटल्यावर तिथे जातात, घाम गाळतात, मला ते बघायला आवडतं. पण तासाचे पैसे भरलेल्या संघात कच्चा लिंबू कुणी घेत नाही. घड्याळ चालू असताना सत्तर वर्षांच्या बाईला स्टूल आणून कोण देणार? तिथे जायला गाडी लागते, ठरवावं लागतं, ग्रुपवर निरोप टाकावा लागतो. दूध उतू जातंय म्हणून मधूनच घरी जाऊन परत येता येत नाही. टर्फ आहेत म्हणून अंगणाची गरज संपली, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन आई-मुलगी-आजी एका डावात खेळताना दिसतात का ते पाहावं.

आणि जिथे जागा आहे तिथे पाट्या आहेत. मी आता राहते त्या सोसायटीत खालच्या मोकळ्या जागेत तीन भाषांत लिहिलेलं होतं की चेंडू खेळू नये. कारणं सगळीकडे तीच असतात, आणि ती खोटी नसतात. गाड्यांच्या काचा. दुपारी झोपलेली म्हातारी माणसं. तळमजल्याच्या खिडक्या. भांडणं. यातल्या काचांचा प्रश्न प्लास्टिकच्या चेंडूने सुटतो, हे एवढं सोपं आहे की लोकांना ते सुचत नाही. टेनिस बॉलला बंदी घाला, लेदर बॉलला तर घालाच, मी हात वर करून पाठिंबा देईन. झोपेचा प्रश्न वेळ ठरवून सुटतो. खिडक्यांसाठीच मी कोरी भिंत मागते आहे. भांडणाचं विचाराल तर ते व्हायला हवं. पेरूत अडकलेल्या झेलावर भांडून रात्री एकमेकांकडे विरजण मागायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ती पुढे मोठ्या गोष्टींवर भांडली तेव्हाही एकमेकांशी बोलत राहिली.

मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा करार आहे. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. आपल्याकडे या कलमाचा अर्थ बाग असा लावला जातो. बागेत घसरगुंडी असते, तिच्यावर बारा वर्षांखालील मुलांसाठी असं लिहिलेलं असतं, आणि मोठ्यांसाठी बाजूला बाकं. म्हणजे वयाप्रमाणे माणसं वेगळी करून ठेवायची. ज्येष्ठांसाठी वेगळा कोपरा, व्यायामाची यंत्रं वेगळी, मुलांचं वेगळं. टी. टी. नगरच्या नव्या इमारतींत पुन्हा सरकारी कर्मचारीच राहायला येत आहेत, म्हणजे पुन्हा रीवाचे, बालाघाटचे, झाबुआचे, छिंदवाड्याचे, एकमेकांना अनोळखी. आमच्या आईवडिलांनी परक्या गावात जी ओळख केली ती ऑफिसात कमी आणि अंगणात जास्त केली. आईचं हिंदी मागच्या अंगणात सुधारलं, आणि चाचींना थालीपीठ तिथेच ओट्यावर आईने शिकवलं. सहाव्या मजल्यावर राहायला आलेल्या नव्या सुनेला ही संधी कुठे मिळणार, याचा विचार आराखड्यावर सही करणाऱ्यांनी करावा. जमिनीची किंमत मला कळते. मी दोनशे चौरस पावलं मागते आहे, तीही इमारतींच्या समूहामागे एकदाच.

जिथे इमारती आधीच झाल्या आहेत तिथे राहणाऱ्यांना सरकारची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय घ्या. आमच्याकडे तो घ्यायला बऱ्याच सभा लागल्या, पण मंजूर झाला, आणि आता तळमजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर काका अंपायर असतात. ठरावाचा मजकूर हवा असेल तर आम्ही मांडलेला इथे देते, जसाच्या तसा वापरा: ‘इमारतीच्या मागील मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी पाच ते सात गाड्या लावल्या जाणार नाहीत. या वेळेत तेथे केवळ प्लास्टिकच्या पोकळ चेंडूने खेळता येईल. कोणत्याही वयाच्या रहिवाशाने बॅटिंग मागितल्यास नाकारता येणार नाही. एखाद्या खेळाडूला धावता, पाहता किंवा उभे राहता येत नसल्यास त्या दिवशीचे नियम त्याच्या सोयीने ठरवले जातील. मागील भिंतीवर स्टंपच्या रेघा रंगवण्याचा खर्च देखभाल निधीतून करण्यात यावा.’